सूनबाईचा चट्टा

मुरूड, ४ मार्च ८३
टँकर आजही नाही. भाकर उलटताना सूनबाई सुशीलाचं बोट तव्याला टेकलेलं, ती उचलेचना. फोड आला. म्हणे, "कुठं मामा? मला काहीच कळलं न्हाई." मनगटाशी फिकट चट्टा. डोळे मिटायला लावून कोंबडीचं पीस फिरवलं. कळलं नाही. माझंही असंच सुरू झालेलं. महारोग. फक्त बायकोला ठाऊक, ती गेली. पोराला, माधवला, आजवर सांगितलं नाही.

५ मार्च
दिवसभर हैदराबादचा दवाखाना डोळ्यांपुढं. कडू कवठाच्या तेलाची जाड सुई, तेव्हा महारोगावर तेवढंच औषध. मी मनात शाळेतल्या कविता म्हणायचो, चालीसकट. कवितेत गाई घरी परतायच्या, इकडं कमरेत आग. ते तेल रोगाशी भांडायचं की माझ्याशी, देव जाणे. मग डीडीएसची पांढरी गोळी आली. आधी जास्त दिली, रक्त आटलं, मग बेताची. नेमकी रोगावर जाणारी. सात वर्षं एक चुकवली नाही. याच बोटांनी पुढं फळ्यावर कविता लिहिल्या.

७ मार्च
सुशीलाला सगळं सांगितलं. रडली नाही. "मामा, गोळी चोरून आणा. ह्यांना कळलं तर मला नांदेडला माहेरी धाडतील."
म्हटलं, चोरून घेतली की चुकते. चुकली की बोटं जातात. माझ्या गोळीवर तुझी सासू राखणीला होती.
"मग आधी तुमचं सांगा त्यांना." बरोबर बोलली.

८ मार्च
धीर झाला नाही. पूर्वी गोळीसाठी उस्मानाबादेला गेलं की ओळखीचं कुणी नसायचं. आता लातूर नवा जिल्हा, दवाखाना तिथंच, अन् माधव तिथल्याच कचेरीत कारकून. साहेबासारखा बोलायलाय हल्ली. उद्या नक्की.

१० मार्च
काल नाही, आज सांगितलं. दोघांचंही.
"आईला ठाऊक होतं?"
"हाव. गोळी तीच द्यायची."
"अन् मला तुमच्या ताटात जेवू घालायचात?"
"घालायचो. काय झालं तुला?"
न जेवता कचेरीला गेला.

११ मार्च, सकाळ
माधव सुशीलाला म्हणाला, "आवर. लातूरला जायचंय." जीव भांड्यात पडला. मग लगेच, "तिथून नांदेडची गाडी कितीला असती?"
मी पिशवी भरली. "अण्णा, तुम्ही कशाला?"
"दवाखान्यात काय विचारायचं ते मला ठाऊक हाय."
एस्टीत तिघांच्या बाकावर मधे मी बसणार. लातुरात आधी दवाखाना. मग त्याला काय म्हणायचं ते म्हणू दे.