मुठीतलं मीठ

शनिवार, संध्याकाळ

सकाळी कॉलेजात मोठ्या तोंडाने शिकवलं की जुन्या कथांतली चेटकीण म्हणजे बहुतेकदा औषधपाणी जाणणारी एकटी बाई. जिला दृष्ट उतरवता येते तिला ती लावताही येत असणार, असं गावच ठरवतं. पोरींनी लिहूनही घेतलं.

आणि दुपारी तळमजल्यावरच्या जनामावशी दारात, नातवासाठी मुठीत मीठ-मोहरी घेऊन. अख्ख्या बिल्डिंगमधल्या पोरांची दृष्ट त्याच काढतात. माझ्या निखिलचीही, तो लहान असताना, त्यांनीच काढलेली. पण वरच्या मजल्यावरचं बाळ आजारी पडल्यापासून त्यांच्याबद्दल कुजबुज चालू आहे. आज सूनबाई आतून मानेने 'नको, नको' करत होती.

मी म्हटलं, "बाळ झोपलंय हो."

तेवढ्यात नातू आत मोठ्याने खिदळला. मावशींनी ऐकलं. मूठ तशीच मिटलेली. "निजू दे त्याला," म्हणाल्या आणि जिना उतरल्या.

हाक का नाही मारली मी? सुनेसाठी गप्प बसले, असं म्हणू?

दिवेलागणीला नातू किरकिरायला लागला. थांबेचना. शेवटी मीच मुठीत मीठ-मोहरी घेतली. 'आल्यागेल्याची दृष्ट' म्हणताना डोळ्यांसमोर कोण आलं, ते इथेही लिहवत नाही.