वरचा पुढचा दात

मास्तर, उद्या दुपारी चार वाजता एक मुलगी माझ्या शिकागोजवळच्या शॉमबर्गच्या घरी येणार आहे. सुरुवातीच्या काळातल्या जॅझ वाजवणाऱ्यांवर ती पुस्तक लिहितेय. माझा नंबर तिला तुमच्या नातीनं दिला. तुम्ही क्लॅरिनेट अचानक का सोडलंत, एवढंच तिला विचारायचंय. जुन्या लेखांत दारूमुळे असं छापलंय म्हणे. फोनवर मी तिला म्हटलं, मला आता नीटसं आठवत नाही. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय. मला सगळं आठवतं.

शिकागोतल्या एका डेंटल कॉलेजच्या क्लिनिकमध्ये तुम्ही माझ्या खुर्चीत बसलात तेव्हा तुमची पंचाहत्तरी उलटली होती, आणि मी नागपूरची पदवी पेटीत ठेवून पुन्हा विद्यार्थिनी झाले होते. आमच्याकडे लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवणाऱ्याला मास्तर म्हणतात, असं मी सांगितलं आणि ते नाव तुम्हाला भारी आवडलं. तोंडात कापूस असला तरी तुमचं बोलणं थांबायचं नाही. न्यू ऑर्लिन्सला सिगार वळणाऱ्या शेजाऱ्याकडून शिकलात, क्लॅरिनेट शर्टात गुंडाळून आगगाडीनं शिकागोला आलात. तेव्हा मायक्रोफोन नव्हते, रेकॉर्डिंगला कर्ण्यासमोर वाजवायचं; त्यात तुमचा सूर फार घुसायचा, म्हणून तुम्हाला पार मागे भिंतीपाशी उभं करायचे. नाचाचे हॉल बंद पडले तेव्हा तीस वर्षं शाळेच्या फरशा पुसल्यात. मग म्हातारपणी लोकांना तुमची आठवण झाली आणि दर रविवारी तुमच्यासाठी हॉल भरू लागला.

"डॉक, हा वरचा पुढचा दात सांभाळ," तुम्ही म्हणालात. "माउथपीस याच्यावर टेकतं. हा गेला की मी गेलो."

एक्स-रेत मुळाशी पू दिसत होता, पण दात वाचण्यासारखा होता. रूट कॅनॉल करायला हवं होतं. दात काढायचा म्हटलं तर आमचे सर फॉर्मवर मुकाट्यानं सही करायचे; रूट कॅनॉल म्हटलं की उलटतपासणी घ्यायचे. त्याच सकाळी उच्चार चुकला म्हणून त्यांनी एक इंग्रजी शब्द माझ्याकडून सगळ्यांदेखत तीनदा म्हणवून घेतला होता आणि वर, हे असंच चाललं तर घरी परत पाठवीन, म्हणाले होते. पुन्हा त्यांच्यासमोर उभं राहायचं या कल्पनेनंच माझ्या तोंडचं पाणी पळालं. मी चिमटा हातात घेते. तुम्ही विचारता, "दुसरा काहीच मार्ग नाही?" मी म्हणते, "नाही." तुम्ही तोंड उघडता.

खोटा दात बसवला, पण माउथपीस टेकलं की तो हलायचा. महिनाभर झगडलात आणि क्लॅरिनेट कायमचं पेटीत बंद केलंत. मला बोल लावला नाहीत. उलट माझ्या भाड्याच्या स्वयंपाकघरात बसून मऊ खिचडी खाल्लीत, ताक नाक मुरडून संपवलंत आणि ते काळं माउथपीस माझ्या हातात ठेवलंत. त्यावर तुमच्या दोन दातांनी पन्नास वर्षांत पाडलेले दोन खळगे आहेत. याची कदर तुलाच, म्हणालात. मी शरमेनं मेले, पण तरी खरं बोलले नाही, आणि पुढच्या वसंतात तुम्ही गेलात.

तिकडे व्हर्जिनियात अ‍ॅशबर्नला राहणारी माझी लेक काल फोनवर म्हणाली, "आई, फिफ्टी इयर्स झाली. आता कोण तुझं लायसन्स कॅन्सल करणार आहे? जस्ट टेल हर." लायसन्सचं भय नाही मला. चाळीस वर्षं या गावात मी दात वाचवणारी डॉक्टर म्हणून मिरवले. गणपतीच्या आरतीनंतर आजही कुणीतरी 'काकू, जरा बघता का?' म्हणत आ वासतं. ते जाईल याची भीती वाटते. पण मी गप्प बसले तर पुस्तकात तुम्ही कायमचे दारुडे होऊन राहाल.

म्हणून माउथपीस टेबलावर काढून ठेवलंय, ती बसल्याबसल्या तिला दिसेल असं. हे पत्र कुठे पाठवणार मी? निदान तुमच्याशी तरी खरं बोलते, मास्तर. सकाळपासून दोनदा ते माउथपीस मी परत ड्रॉवरमध्ये ठेवलंय.