समासातला शेरा

दि. ४ फेब्रुवारी

ती. मावशीस,
शि. सा. न. वि. वि.

मी आणि पिल्लू खुशाल आहोत. घर सोडल्याला आज तीन आठवडे झाले. चष्म्याच्या दुकानामागची खोली मिळाली आहे. दिवसभर काचा घासायच्या यंत्राची घरघर चालते. पिल्लूचं म्हणणं, भिंतीत कोणीतरी मांजर पाळलंय. दुकानाच्या मालकीणबाईंनी माझं जुनं काम परत दिलं.

काल वकीलबाईंकडे घटस्फोटाचं विचारायला गेले. ज्या भीतीने मी तीन वर्षं त्या घरात काढली तिच्याविषयीच आधी विचारलं, की बायकोने घर सोडलं तर मुलीवरचा तिचा हक्क जातो का? त्या बघतच राहिल्या. असं कोणी सांगितलं म्हणाल्या. मूल कोणाकडे राहावं ते न्यायाधीश मुलाचं भलं बघून ठरवतात, आधी घराबाहेर कोण पडलं यावरून नाही. मी तुझं नाव घेतलं नाही. घरातल्या जाणत्या माणसाने सांगितलं, एवढंच म्हटलं.

आता अडचण अशी, की यांचे वकील म्हणतात, खरंच जाच होता तर बाई इतकी वर्षं राहिली कशी? लहरीपणाने निघून गेली, तेव्हा मुलगी बापाकडे द्या. मला काही सुचत नाही. तू लिही.

तुझी,
ठकी

दि. ९ फेब्रुवारी

चि. ठकीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून अंगाचा तिळपापड झाला. एकतीस वर्षं मी वकिलाच्या कचेरीत टायपिंग केलं. तुझी ही वकीलबाई तेव्हा पाळण्यात असेल. घरात कोणाचंही काही बिनसलं की मावशीला विचारा, हे तुम्हीच म्हणत आलात. मी दारावर पाटी लावली नव्हती.

तरी तुझ्या समाधानासाठी आमच्या साहेबांच्या घरी गेले. हल्ली ते गच्चीवर गुलाब लावतात. त्यांनी कात्री खाली ठेवली आणि हे कुठे वाचलंत म्हणून विचारलं. मी ठणकावून सांगितलं, तुमच्याच कागदांत. मी स्वतः टाइप केलंय. त्यांनी मला खुर्ची दिली. मग म्हणाले, बाई, ते समोरच्या पक्षाचं म्हणणं होतं. पहिल्या पानावर ते मांडून पुढच्या चार पानांत आपण ते खोडून काढलं होतं. ती चार पानं दुसऱ्या टेबलावर टाइप झाली. मुलगी त्या खटल्यातल्या बाईलाच मिळाली.

मी एक पान टाइप केलं, ठकी, आणि त्या एका पानावर तुला तीन वर्षं बसवून ठेवलं. आणखी काय लिहू?

मावशी

दि. १४ फेब्रुवारी

ती. मावशीस,
सा. न.

तू सरळ लिहिलंस, म्हणून मीही लिहिते. त्या तीन वर्षांत मी तुला अकरा पत्रं लिहिली. रडगाणं कागदावर उतरवू नये असं तुमच्या कॉन्व्हेंटच्या सिस्टरनी शिकवलेलं, म्हणून तू दर पत्रातली तसली वाक्यं लाल पेन्सिलने खोडून पत्र मलाच परत धाडायचीस. कचेरीच्या सवयीने वर 'मिळाले' असं लिहून तारीख आणि सही. ती सगळी माझ्यापाशी आहेत. खोडलेलं नीट वाचता येतं.

वकीलबाई म्हणतात, पिल्लू आपल्याकडे राहायची तर हाच एक भक्कम पुरावा. पण मग तुला साक्षीला यावं लागेल. हे कामावर जाताना माझ्या सगळ्या चपला कपाटात घालून कुलूप लावत, असं मी एकदा लिहिलं होतं. ते वाक्य खोडून तू समासात लिहिलंस, 'माणूस टापटिपीचा दिसतो.' तो शेराही सगळ्यांपुढे येईल.

तू नको म्हणालीस तर मी पत्रं देणार नाही. खरंच.

ठकी

दि. १७ फेब्रुवारी

ठकी,
अकराच्या अकरा दे. एकही गाळू नकोस. तारीख कळव, मी येते.

मावशी

दि. ३ मार्च

ठकीस,

आशीर्वाद लिहायला हात धजत नाही.

काल साक्ष झाल्यावर तुला न भेटता कोर्टाच्या मागच्या जिन्याने निघून आले, त्याचं कारण सांगायला हवं. न्यायाधीशबाईंनी मला तो शेरा मोठ्याने वाचायला लावला. मी वाचला आणि मागच्या बाकांवर दोघं-तिघं फसकन हसले. ते हसू माझ्या ओळखीचं होतं. हा शेरा लिहिला त्या दिवशी तो मी शेजारणीला वाचून दाखवला होता. आपल्याला काय झकास सुचलं म्हणून! ती हसली, तेव्हा खूश होऊन तिला आणखी एक कप चहा दिला. हे मला काल कोणी विचारलं नाही, म्हणून तुला सांगते.

मग तुझ्या नवऱ्याच्या वकिलाने गोड आवाजात विचारलं, भाचीवर विश्वास नव्हता म्हणूनच खोडलंत ना? मी हो म्हटलं असतं तर तू खोटी ठरली असतीस, आणि मी फक्त मूर्ख. मी म्हटलं, विश्वास होता. अक्षरन् अक्षर खरं वाटलं होतं. ते कबूल केलं असतं तर तुला घेऊन यावं लागलं असतं, माझ्या दोन खोल्यांत. ते मला नको होतं, म्हणून खोडलं.

हे मी साक्षीसाठी रचलेलं नाही. बोलले तेव्हाच मलाही ते पहिल्यांदा कळलं. त्यानंतर तुझ्याकडे बघायची हिंमत झाली नाही.

मावशी

दि. ११ मार्च

ती. मावशीस,
शि. सा. न.

आज हुकूम मिळाला. पिल्लू माझ्याकडे राहील, शनिवारी तिला तिचे बाबा भेटतील. घटस्फोटाचं काम अजून बरेच महिने चालेल, पण मुलीची काळजी आता करू नका, असं वकीलबाई म्हणाल्या. पिल्लूला सांगितलं तर तिने एवढंच विचारलं, की मग भिंतीतल्या मांजराला नाव ठेवू का?

शेजारणीचं वाचून तुझं पत्र मी पालथं घातलं ते दोन दिवस उचललं नाही. मग तुला माफ केलं असं लिहायला बसले. लिहवेना. खोटं झालं असतं. माझा राग कागदावर मावण्यातला नाही.

तेव्हा रविवारी सकाळीच ये. पिल्लूला मी मालकीणबाईंकडे खेळायला पाठवीन. तू खुर्चीवर बसायचं, मी बोलेन, आणि तू मध्ये एक अक्षर काढायचं नाहीस. दोन तास तरी लागतील. रडलीस तरी मी थांबणार नाही. मग पिल्लूला बोलावू आणि तिघी जेवू.

लोभ असावा असं लिहायची रीत आहे. माझा आहे. नसता तर बोलावलं नसतं.

ठकी