आडवी बाटली

आई, तू गेल्यावर मी काय काम करते ते तुला ठाऊक नाही, म्हणून आधी तेच सांगते. मी बहरीनमध्ये दारू विकणाऱ्या कंपनीत आहे. हे ऐकून तू हातातलं काम खाली ठेवशील, माहीत आहे मला. आमच्या कंपनीत परदेशातल्या एका सरकारी कंपनीचा मोठा वाटा आहे. ती तिकडे दारूची दुकानं चालवते, लॉटरी चालवते, जुगाराची मशीनंही चालवते. इथं जुगाराला बंदी, त्यामुळे आमच्याकडे फक्त बाटल्या. माझ्या खात्याचं नाव सामाजिक आणि पर्यावरणीय जबाबदारी. रिकाम्या बाटल्या गोळा करून काच दळायला पाठवायची, पिऊन गाडी चालवू नका अशी पोस्टरं लावायची, आणि ज्यांना पिणं आवरत नाही त्यांच्यासाठी काहीतरी करायचं. त्या ‘काहीतरी’त मी अडकले आहे.

आपल्या गावातल्या दुकानाची पाटी तुला आठवत असेल. सरकारमान्य देशी दारूचे दुकान. अंगणवाडीतून येता-जाता तू ती वाचायचीस आणि म्हणायचीस, “सरकारनं मान्य केलं, आपण नाही केलं.” मग घरोघरी फिरून बायकांच्या सह्या घेतल्यास आणि मतदान घडवून आणलंस. चिठ्ठीवर दोन चित्रं होती. दुकान राहू द्यायचं तर उभी बाटली, बंद करायचं तर आडवी. मला अजून दिसतं, आपल्या वस्तीतल्या बायका आणि गावातल्या मोठ्या घरच्या सुना एका रांगेत उभ्या आहेत, आणि तू पांढरं लुगडं नेसून सगळ्यांच्या मागे उभी आहेस, कुणी परत फिरू नये म्हणून. आडवी बाटली जिंकली. त्या संध्याकाळी विहारात पाचवं शील, दारूपासून दूर राहण्याचं, तू इतक्या मोठ्यानं म्हटलंस की मला हसू आवरेना.

पुढच्या उन्हाळ्यात नाल्याकाठी कुणीतरी चोरून गाळलेली पिऊन आपल्या शेजारचे सायकलवाले काका गेले. दुसऱ्या दिवशी तू त्यांच्या घरी गेलीस, मी तुझ्या मागे. काकू भिंतीला टेकून बसल्या होत्या. तुझ्याकडे न बघता म्हणाल्या, “तुही बाटली आडवी झाली, माहा माणूसही आडवा झाला.” तू तिथंच बसून राहिलीस, आणि मग कितीतरी दिवस त्यांचं पाणी भरत राहिलीस. चुलीपुढे मी तुला विचारलं, आपलं चुकलं का. तू म्हणालीस, “भाकर जळून रायली, उलटव.” मला फार राग आला होता. वाटलं, तुला उत्तर माहीत आहे आणि तू ते सांगत नाहीस.

मागच्या वर्षी आमच्या ऑफिसात एक बाई आली. वसईची, ख्रिस्ती, इथल्या एका हॉस्पिटलात नर्स. नवरा हॉटेलच्या बँक्वेटमध्ये कामाला. माझं मराठी ऐकून तिनं इंग्रजी सोडलं आणि सरळ म्हणाली, ताई, माझ्या नवऱ्याला तुमच्या दुकानातून दारू देऊ नका. मी म्हटलं, शुद्धीत असलेल्या गिऱ्हाईकाला दुकान नाही म्हणू शकत नाही. ती पोस्टरकडे बघत म्हणाली, मग हे कशाला लावलंय? तिला चहा पाजून परत पाठवलं, पण तो प्रश्न काही गेला नाही. त्या परदेशी कंपनीच्या जुगारघरांत एक सोय आहे. माणूस स्वतः जाऊन स्वतःवर बंदी घालून घेतो, मी आलो तरी मला आत सोडू नका म्हणतो. तीच सोय आपल्या दुकानांत करून बघू, असं मी साहेबांना सुचवलं. ते लगेच तयार झाले. पहिला आला तो तिचाच नवरा. हडकुळा, नीट इस्त्री केलेला शर्ट, बोलताना हात खिशात. म्हणाला, “माझं नाव घाला. आलो तर सरळ मफी म्हणायचं, नाही म्हणजे नाही. मी शिव्या दिल्या तरी.” तेव्हापासून काउंटरवर त्याचं सीपीआर कार्ड, म्हणजे इथलं ओळखपत्र, मशीनला लावलं की दुकानातले त्याला नाही म्हणत. त्यानं शिव्या दिल्याच. पण घरी जेवायला लागला, मुलीला शाळेच्या बसपर्यंत सोडायला लागला. त्याच्या बायकोनं मला ईस्टरला केक पाठवला. आई, मला वाटलं, तुझ्या हातून राहिलेलं मी पुरं केलं.

मग त्याला कुणीतरी खोलीवर गाळलेली दारू मिळवून दिली. त्यात काय होतं कुणास ठाऊक. दोन्ही डोळे गेले. त्याची नोकरी संपली, तिच्याबरोबर व्हिसाही; आता सगळं कुटुंब परत चाललं आहे. बाब अल बहरीनच्या वेशीमागच्या गल्लीत त्यांची खोली आहे. आठवडाभर मला धीर झाला नाही, मग गेले. तो पलंगावर बसला होता. पावलं ऐकून त्यानं विचारलं, कोण? बायको म्हणाली, ऑफिसवाल्या ताई. तो भिंतीकडे वळला. ती मला दाराशी घेऊन आली आणि हळू आवाजात म्हणाली, “तुम्ही वाईट केलं नाहीत. चांगलंच केलंत. म्हणून तर मला कुणावर रागवता येत नाही.” मला तुझ्यासारखं बसून राहता आलं नाही. मी जिना उतरून गाडीत जाऊन रडले. घरी माझ्या मुलीला सांगितलं तर ती म्हणाली, मम्मी, इट्स नॉट युअर फॉल्ट. तिच्या शाळेत असंच म्हणायला शिकवतात.

आता मला कळतं, तुला उत्तर माहीत नव्हतं. गावातलं दुकान बंद झाल्यावर किती घरांत रात्री शांतता आली, तेही तू पाहिलं होतंस, आणि काकूंचं घरही पाहत होतीस. दोन्ही घेऊन भाकरी थापत होतीस, आणि मी समोर बसून तुझ्यावर रागावले होते.

काल मीटिंगमध्ये साहेबांनी विचारलं, ही बंदीची सोय चालू ठेवायची का. यादीत बाकीच्यांची नावं आहेत, त्यातली काही माणसं खरंच सावरली आहेत. सगळे माझ्याकडे बघत होते; ही सोय बंद झाली तर माझं काम उरत नव्हतं. मी म्हटलं, चालू ठेवा. ते बरोबरच असेल. हे लिहिलेलं मी कुठे पाठवणार नाही, मुलीलाही दाखवणार नाही, म्हणून एवढं सांगून टाकते. हो म्हणताना मला ना त्याचे डोळे आठवले, ना सावरलेली माणसं, ना तू. मला माझा व्हिसा आठवला.