नैसर्गिक जांभळा

२ फेब्रुवारी, रविवार

नाणेसंग्राहक मंडळाच्या बैठकीत पुन्हा तेच. माझी चांदीची नाणी टेबलावर चकचकीत मांडलेली, आणि गर्दी कुठे? कोपऱ्यातल्या एका गृहस्थाच्या एकाच नाण्याभोवती. का, तर त्याला ‘टोनिंग’ आहे. म्हणजे जुन्या पाकिटात वर्षानुवर्षं पडून चांदीवर निळा-सोनेरी रंग चढलाय. यात त्या माणसाचं कर्तृत्व काय? तो नाणं ठेवून विसरला, एवढंच. आणि त्या विसरण्याची किंमत माझ्या नाण्याच्या कितीतरी पट!

मी मंडळाचा उपाध्यक्ष. माझ्या टेबलाशी फक्त चहावाला थांबला. तोही कप ठेवायला.

घरी येऊन बायकोला सगळं सांगितलं. ती म्हणाली, मग तुम्हीही विसरा.

५ फेब्रुवारी

वाचन केलं. रंग गंधकामुळे चढतो. उकडलेल्या अंड्यातही गंधक असतं. डब्यात नाणं, शेजारी सोललेलं अंडं, झाकण घट्ट. बस. निसर्गाला वीस वर्षं लागतात कारण त्याला घाई नाही. मला आहे.

तत्त्व ठरवून टाकलं : मी नाण्याला रंग देत नाही. रंग घेण्याची संधी देतो.

११ फेब्रुवारी

तीन नाणी काळी ठिक्कर. नाण्यावरच्या राणीचं नाक कुठे आणि कान कुठे, कळत नाही. बायको म्हणते, तो मुलीचा शाळेचा डबा होता, आता तो तुम्हीच ऑफिसला न्या. शास्त्राची घरात किंमत नाही.

२३ फेब्रुवारी

अंडं अर्धं केलं. नाणं खाकी पाकिटात घातलं. पाकीट डब्यात, डबा फ्रिजच्या मागे, जिथे ऊब असते.

आज उघडलं. कडेला सोनेरी, मग निळा, आणि मधोमध, राणीच्या गालावर, असा जांभळा की माझा मलाच हेवा वाटला.

बायकोला दाखवलं. तिने विचारलं, हे विकणार? लोकांना सांगून? मी म्हटलं, केळी कार्बाइडची पुडी ठेवून पिकवतात, त्यांना कुणी खोटी केळी म्हणतं का? तू स्वतः केसांना कलप लावतेस. ती म्हणाली, हो, पण मी माझं डोकं विकायला काढलेलं नाही.

मुद्दा गैरलागू होता, हे नक्की.

२५ फेब्रुवारी

नाणं जुनी नाणी विकणाऱ्या वेबसाइटवर टाकलं. टोपणनाव ‘रजतरंग’. वर्णनात ‘नैसर्गिक’ लिहावं की नाही यावर अख्खी संध्याकाळ गेली. अंडं नैसर्गिक. गंधक नैसर्गिक. खाकी कागद झाडापासून होतो. फ्रिज तेवढा अडचणीचा. पण तो फक्त शेजारी उभा होता.

लिहिलं.

४ मार्च

विकलं गेलं! अपेक्षेच्या दुप्पट! अखेर पारखी माणूस भेटला.

४ मार्च, रात्री

पारखी माणसाचा पत्ता आला. मास्तर आहेत.

मास्तर म्हणजे आमच्या शाळेचे चित्रकलेचे शिक्षक. आता निवृत्त. मला पहिलं नाणं त्यांनीच दिलं आणि मंडळातही त्यांनीच आणलं. एवढे पैसे त्यांनी आणले कुठून?

सौदा रद्द करणार होतो. पण रद्द केला की ‘रजतरंग’च्या नावापुढे वाईट शेरा पडतो. शिवाय मास्तर हिरमुसतील. त्यांच्या वयात हे बरं नाही. पार्सलवर पत्ता डाव्या हाताने लिहिला. माझं अक्षर त्यांनीच वळवलंय.

९ मार्च, रविवार

मास्तर बैठकीला नवा शर्ट घालून आले. खिशातून नाणं काढलं. म्हणाले, हा जांभळा बघ, हा मी जन्मभर पोरांना मिसळायला शिकवला. एकालाही जमला नाही.

माझ्या तोंडून ‘एकाला जमला’ निसटणारच होतं. खोकलो. पाणी प्यायलो.

मग कळलं, यासाठी त्यांनी आपली दोन जुनी नाणी विकली. त्यातलं एक त्यांच्या वडिलांचं. मला म्हणाले, तू उपाध्यक्ष, तुझी नजर पक्की, तूच सांग, अस्सल आहे ना? सगळे माझ्याकडे बघत होते.

मी म्हटलं, अस्सल. जरा मोठ्यानेच म्हटलं.

नाणं अस्सल आहेच. त्यांनी रंगाबद्दल विचारलंच नव्हतं.

१० मार्च

मास्तरांना पैसे परत करण्याचा निश्चय.

११ मार्च

निश्चय तहकूब. आजवरचा माझा कंजूषपणा पाहता त्यांना संशय येईल. त्यापेक्षा उत्तम मार्ग : त्यांना जन्मभर आनंदात ठेवायचं. फुकट ठेवता येतं.

१६ मार्च, रविवार

मास्तर नाणं तपासणी कंपनीकडे पाठवणार. तिथले लोक प्रमाणपत्र देतात आणि नाणं प्लास्टिकच्या पेटीत बंद करून परत पाठवतात. मी परोपरीने समजावलं. म्हटलं, पोस्टात हरवेल, प्लास्टिकने रंग उडेल, ते लोक अडाणी असतात. मास्तर म्हणाले, तू अस्सल म्हणालास तेव्हाच माझी भीती गेली.

भलत्या वेळी लोक माझं ऐकतात! घरात एक कुणी ऐकत नाही.

८ एप्रिल

मास्तरांचा फोन. निकाल आला : ‘रंग कृत्रिम.’ एवढंच म्हणाले. मग मी म्हटलं, कंपनी बोगस आहे.

जेवलो नाही. बायकोने विचारलं, काय झालं? म्हटलं, पित्त. ती म्हणाली, अंड्याचं असेल.

१३ एप्रिल, रविवार

बैठकीत माझी अक्षरशः चौकशी! अध्यक्ष म्हणाले, उपाध्यक्षांना एवढंही कळलं नाही? की विकणाऱ्याशी साटंलोटं आहे? मी उठून निषेध नोंदवणार, तोच मास्तर उभे राहिले. म्हणाले, त्याची नजर गेली असेल, नियत नाही. तो माझा विद्यार्थी आहे.

अध्यक्ष खाली बसले.

खरं सांगायला ती वेळ योग्य नव्हती. मास्तरांचं भाषण वाया गेलं असतं. मी डोळे चोळले आणि म्हटलं, हल्ली जरा धूसर दिसतं खरं.

मास्तरांनी तिथेच डोळ्यांच्या डॉक्टरांना फोन लावला. म्हणाले, मी स्वतः तुला घेऊन जातो.

१५ एप्रिल

तयारी पूर्ण. तक्त्यावरची मोठी अक्षरं बरोबर, लहान चुकीची. रंगांत गोंधळ घालायचा. चष्मा लागला तर लागला. चारचौघांत आंधळा ठरणं परवडतं. बायको म्हणाली, अजून वेळ गेलेली नाही, सांगून टाका त्यांना. तिला माझ्या योजनेची खोली कळत नाही.

१६ एप्रिल

मास्तर आत माझ्या शेजारीच बसले. म्हणाले, रंगांचं प्रकरण आहे, मला समजेल.

अक्षरं ठरल्याप्रमाणे चुकवली. मग डॉक्टरांनी रंगीत ठिपक्यांचं पुस्तक उघडलं. ठिपक्यांत आकडा लपलेला असतो. पहिलं पान. मला ठळक बारा दिसत होता. मी म्हटलं, काहीच दिसत नाही. दुसरं पान, काहीच नाही. तिसरं, नाही. फार सफाईने केलं.

डॉक्टरांनी पुस्तक मिटलं. मास्तरांना म्हणाले, पहिलं पान रंग न कळणाऱ्यांनाही वाचता येतं. ते आजाऱ्यांसाठी नसतं. बतावणी करणारे ओळखायला असतं.

मास्तरांनी पुस्तक मागून घेतलं, पहिलं पान उघडलं, हळूच ‘बारा’ म्हणाले. मग माझ्याकडे पाहिलं.

बसस्टॉपपर्यंत ते माझ्या पुढे चालत गेले. तिथे विचारलं, जांभळा कशाने आला?

मी म्हटलं, अर्ध्या अंड्याने.

आणि मग थांबवेना. खाकी पाकीट, फ्रिजमागची ऊब, आधीची काळी पडलेली नाणी, सगळं सांगितलं. निळ्यानंतर जांभळा कोणत्या क्षणी धरायचा तेही. इतकी वर्षं कुणी एवढं मन लावून माझं ऐकलं नव्हतं. शेवटी म्हटलं, पैसे परत देतो, मास्तर. तुमच्या वडिलांचं नाणं शोधून आणतो.

ते म्हणाले, ते मी विकल्याच्या दुसऱ्या दिवशीच पुढे विकलं गेलं. मी विचारून आलो.

बस आली. ते चढले. त्यांच्या शेजारची जागा रिकामी होती. तिच्यावर त्यांनी छत्री आडवी ठेवली.

मी पायी आलो. चालणं प्रकृतीला चांगलं असतं.