भाव पडलेल्या दिवशीचा होकार

उस्मानपुरा, छत्रपती संभाजीनगर
दि. ३ फेब्रुवारी २०२६, मंगळवार

चि. बद्रीनाथ यास आक्काचे अनेक आशीर्वाद.

इथं सगळं ठीक. माझा गुडघा आहे तसाच आहे, तू विचारलं नाहीस तरी सांगते. तुझी लेक प्रेरणा वेळेवर जेवते, वेळेवर बँकेत कामाला जाते आणि माझ्याशी भांडते तेही वेळेवर. पिशोरात थंडी कमी झाली का? अद्रकाची काढणी आटोपली का?

तू म्हणशील, फोन असताना आक्काला कागद कुठून सुचला. अरे, सकाळपासून लावतेय, तू उचलशील तर ना! आणि उचललास तरी बोलता बोलता त्या कंपनीच्या शेअरचा भाव बघतोस अन् "आक्का, थांब जरा" म्हणतोस. कागदावर भाव दिसत नाय, म्हणून लिहायला बसले.

आधी तू सांगितलेल्या कामाचं सांगते. आपल्यात लग्न ठरवताना मुलाचं घर बघायला जातात, विहीर बघतात, गोठा बघतात. तू मात्र ऋतुराजचं घर सोडून तो नोकरीला आहे ती कंपनी बघायला मला धाडलंस. दिवाळीत तिचा शेअर चढला तेव्हा पोरगा तुला हिरा वाटत होता. संक्रांतीला शेअर पडला तर म्हणालास, "थोडं थांबू, पोराचं काय खरं नाय." अरे, शेअर कंपनीचा पडला, पोराचे दात नाय पडले!

तर मी अन् शेजारची कडूबाई गेल्या आठवड्यात वाळूजला गेलो. ठिबकचे व्हॉल्व्ह बनवणारी एवढीशी कंपनी, वर पत्रे. आम्ही रीतीप्रमाणं सगळं बघितलं. कडूबाईनं पिण्याच्या पाण्याच्या टाकीचं झाकण उघडून आत डोकावलं. मी संडास बघितला. लिहायला लाज वाटते, पण घर कळतं ते तिथंच. स्वच्छ होता. वॉचमनला वाटलं, सरकारी तपासणी आली. तो पळत जाऊन मालकालाच घेऊन आला. मालक बिचारे हात जोडून उभे, आणि कडूबाई त्यांना विचारते, "पोराला काही व्यसन?" मालक म्हणाले, "कोणत्या पोराला?" तोवर ऋतुराज नव्या मशीनच्या मागं दडला होता.

ते मशीनच बघायचं होतं खरं. ऋतुराज म्हणाला, "आत्या, दसऱ्याला ह्याला हार घातला, मालकांनी फोटो टाकला, आणि भाव चढायला लागला. तेव्हा ह्याला वीजसुद्धा जोडलेली नव्हती. नुसतं प्लास्टिक गुंडाळून पडलं होतं." आता ते दोन्ही पाळ्यांत धडधडतंय, नवी माणसं घेतलीत, आणि त्याच खर्चापायी नफा कमी दिसला म्हणून भाव पडला. काम नव्हतं तेव्हा कौतुक, काम सुरू झालं तर नाकं मुरडली! मी म्हणाले, मग खरं काय समजायचं? तो म्हणाला, "मशीन चालतंय हे खरं. पुढंही असंच चालेल असं मी लिहून देणार नाय. प्रेरणाच्या आण्णांना दोन्ही सांगा." लबाड असता तर नुसतं गोड बोलला असता. मला पोरगा तिथंच पटला.

मग शुक्रवारी मोबाइलवरच्या कुण्या शहाण्यानं कंपनीचं नाव घेतलं आणि भाव एकदम वर गेला. मशीन तेच, माणसं तीच. पण संध्याकाळी तुझा फोन, "आक्का, साखरपुडा उरकून टाकू!" मी येडी, लगेच पेढे आणले.

प्रेरणानं पेढ्याला हात लावला नाय.

इतका वेळ इकडचं तिकडचं लिहितेय ते यासाठीच. हे तुला कसं सांगावं कळत नव्हतं. ती म्हणाली, "आत्या, आण्णांनी होकार मला दिला का शेअरला? उद्या भाव पडला की परत थांबू म्हणतील. भाव पडलेल्या दिवशी आण्णा हो म्हणाले तरच मी लग्न करीन. नायतर ऋतुराजला मीच नाही सांगते." मी लई ओरडले. म्हणाले, हा काय आचरटपणा! ती आत जाऊन भांडी घासत बसली. घासलेलीच भांडी परत घासत होती अन् रडत होती. बद्री, तिला तो पोरगा मनापासून आवडलाय रे. तरी तुझ्या मनातून आलेल्या होकाराशिवाय ती पुढं जायची नाय.

आणि आज भाव आपटला. तुझा फोन का लागत नाय, हे न कळायला मी कुकुलं बाळ नाय.

एकच विचारते. गेल्या साली अद्रकाचा भाव मातीला मिळाला, तेव्हा तुझं अद्रक सडकं होतं का? तेच रान, तेच पाणी, तशीच मेहनत. व्यापाऱ्यांनी तोंडं फिरवली तेव्हा तू मंडीत उभा राहून ओरडलास, "अरे, मालाकडं बघा!" घरी येऊन जेवला नव्हतास. आता तू पोराकडं बघ. तुझ्या लेकीकडं बघ.

आपला चुलतभाऊ रामकिसन संध्याकाळी पिकअप घेऊन पिशोरला निघालाय, त्याच्याकडं हा कागद देतेय. बाजार उद्या सव्वानऊला उघडतो. भाव परत चढला तर मग तुझा होकार कुणाला पाहिजे? त्याच्या आत फोन कर. मला नको, लेकीला कर. पडलेल्या भावात हो म्हण.

उद्या सव्वानऊपर्यंत तुझीच,
मुक्ताआक्का