बिनरंगाची निळी काच

नाशिक रोड

प्रिय रवी यास,

सप्रेम जय भीम. इकडे सर्व ठीक. तुझी ताई गुडघ्याची तक्रार सोडली तर खणखणीत आहे (तक्रारही खणखणीतच असते). कळवणला ऊन कसं आहे? तुझ्या शाळेच्या परीक्षा आटोपल्या का?

पत्र अशासाठी, की आपल्या चैतालीने रंग न वापरता निळा रंग केलाय. हसू नकोस. "पोरगी रंगांवर संशोधन करतेय तर पेंटचं दुकान टाकून द्या," असं तूच म्हणाला होतास, ते मी विसरलेलो नाही. अरे, मोराच्या पिसात निळा रंग नसतोच! पिसाच्या आत केसाच्या हजाराव्या हिश्शाइतकी बारीक रचना असते, तिच्यावरून उजेड परतताना नेमका निळाच आपल्या डोळ्यांत येतो. तसलीच रचना आपल्या पोरीने काचेच्या पट्टीवर केली. समोरून निळी, तिरकी धरली की जांभळी. रंगच नाही, तर उडणार काय? आणि इथे मी तीस वर्षं चौदा एप्रिलच्या आधी विहाराचं फाटक निळं रंगवतोय, ते दिवाळीपर्यंत राखाडी होतं. रवी, मला इतका अभिमान वाटला की ती काच मी कॉलनीत घरोघर दाखवली. शकुबाईंना दोनदा.

शकुबाई भजी तळत होत्या, तेव्हा काचेवर बोटं उमटली. मी स्पिरिटने पुसली (चष्मा तसाच पुसतो), तर काच डोळ्यांदेखत हिरवीगार! पोरीची चार वर्षांची मेहनत मी एका फडक्यात पुसली! मग फाटकाचा उरलेला निळा ऑइलपेंट काढला आणि काचेवर दोन हात मारले. फिनिशिंग झकास आलंय. संध्याकाळी तिला सहजच विचारलं, असल्या काचेला स्पिरिट लागलं तर? म्हणाली, "हिरवी दिसते बाबा. वाळली की दोन मिनिटांत परत निळी."

बघ, किती हुशार आहे!

तुझा दाजी,
मल्हारी

ता. क. पुढच्या सोमवारी ती काच घेऊन सरांकडे पुण्याला जाणार आहे. तू रविवारी जेवायलाच ये, कौतुकाने काच हातात घे आणि पाड. मामावर ती रागावत नाही.

ता. क. मामा, मी चैताली. पाकिटावर पत्ता घालायला बाबांनी पत्र माझ्याकडेच दिलं, "वाचू नकोस" असं बजावून. काच मी त्याच दिवशी ओळखली, तिरकी धरली तरी निळीच दिसते. लॅबमध्ये माझ्या आणखी अकरा आहेत. एवढ्यात त्यांना सांगू नकोस, आठवडाभर न सांगता भांडी घासतायत. रविवारी ये, पण काच पाडू नकोस. ती मी माझ्या टेबलावर ठेवणार आहे. त्या अकरा मी केल्यात, ही बाबांनी.